हे नाचणीचं सत्त्व नाही

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात अगदी वरच्या फळीवर तीन डबे आहेत. पहिल्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘ही रांगोळी नाही.’ दुसऱ्यावर, ‘हा अंगारा नाही.’ तिसऱ्यावर, ‘हे नाचणीचं सत्त्व नाही.’ बायकोचं म्हणणं, डब्यात काय नाही ते लिहिण्यापेक्षा काय आहे ते लिहावं. पण उभा जन्म पुण्यात काढलेल्या माणसाला पाटी म्हटली की आधी ‘नाही’ सुचतं, त्याला माझा इलाज नाही. शिवाय ‘सिलिकॉन कार्बाइड १२०/२२०’, ‘सिलिकॉन कार्बाइड ५००’ आणि ‘सिरियम ऑक्साइड’ असं खरं खरं लिहिलं असतं, तर डब्यांऐवजी लोकांनी माझ्याकडे संशयाने बघितलं असतं.

मी काचेचे तुकडे घोटतो. फुटक्या बाटल्यांचे धारदार तुकडे घ्यायचे, रबरी अस्तराच्या पिंपात पाणी आणि पावडर घालून ते कोंबायचे, झाकण घट्ट लावायचं आणि पिंप आडवं ठेवून रात्रंदिवस फिरवत ठेवायचं. आठवडा झाला की पावडर बदलायची, पहिलीपेक्षा बारीक. असे तीन-चार आठवडे गेले की आतून जे निघतं ते गोल कडांचं, गुळगुळीत आणि नशीब असेल तर लखलखीत असतं.

हे ऐकून लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, “मग याचं करायचं काय?” दुसरा, “पण यात तुम्ही काय करता?” पहिल्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर आहे, झाकण उघडत नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. मुरंब्याची बरणी, कुकर आणि शेजाऱ्यांचं भांडण, काहीही झाकलेलं दिसलं की डोकावून बघण्याचा आपला स्वभाव. त्या स्वभावाला सात-सात दिवस मुरड घालायची, एवढंच या छंदातलं कौशल्य. बाकी सगळं काम मोटर करते.

सुरुवात भाच्याच्या अमेरिकन खेळण्यापासून झाली. तिकडे मुलांना दगड घोटायचं छोटं यंत्र भेट देतात. मुलं तीन दिवस उत्साहाने आवाज ऐकतात, चौथ्या दिवशी ते गॅरेजमध्ये जातं. भाच्याच्या मुलाचं तसंच झालं आणि भाच्याने ते यंत्र, “मामा, तुला वेळ आहे,” असं म्हणत माझ्या गळ्यात घातलं. ‘तुला वेळ आहे’ हे वाक्य निवृत्त माणसाला दिवसातून चारदा ऐकावं लागतं आणि ते कधीच कौतुक नसतं. यंत्र तिकडच्या ११० व्होल्टचं. मी ते आपल्या २३० ला लावलं. पुढचं सविस्तर सांगत नाही. पिंप तेवढं वाचलं, आणि घरात दोन दिवस जळक्या प्लास्टिकचा वास होता.

मग मी मोटर आणायला तपकीर गल्लीत गेलो. पहिल्याच दुकानदाराला सांगितलं, सावकाश फिरणारी हवी, मिनिटाला तीसेक फेरे.

“देखाव्याला का? गणपतीमागचं चक्र?”

“नाही, वजन आहे दोन-अडीच किलो. आणि महिनाभर रात्रंदिवस फिरायला पाहिजे.”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “महिनाभर? मग काका, तुमच्याकडे विसर्जन कधी असतं?”

मोटर मिळाली. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब, जुन्या बाजारातून दोन लोखंडी रूळ आणि शिलाई मशीनचा पट्टा. रविवारी सकाळी यंत्र सुरू झालं, घर्रर्र. जात्यावर दळण दळल्यासारखा आवाज, फक्त ओव्या नाहीत. मी हिशेब केला. मिनिटाला तीस म्हणजे दिवसाला ४३,२०० फेरे, आणि चार आठवड्यांत बारा लाखांच्या वर. लाख प्रदक्षिणांचा संकल्प सोडलेल्या माणसाला कोपऱ्यावरचा मारुती तरी ओळखू लागतो. माझ्या काचा बारा लाख घालून पुन्हा बाथरूममध्येच.

हो, बाथरूममध्ये. यंत्र आधी बाल्कनीत होतं. तिथून खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते हलवायला लावलं. मग दिवाणखान्यात, तिथून बायकोने. आता ते पाहुण्यांच्या बाथरूममध्ये कमोडशेजारी फिरत असतं. त्यामुळे आमच्याकडचे पाहुणे हल्ली मुक्काम करत नाहीत. हा या छंदाचा एकमेव आर्थिक फायदा.

पिंप किती भरायचं याला शास्त्र आहे. पाऊण भरायचं. कमी भरलं तर तुकडे वरून खाली आपटतात आणि घोटले जाण्याऐवजी टवके उडतात. गच्च भरलं तर जागचे हलत नाहीत. संध्याकाळी सहाची स्वारगेटकडे जाणारी बस डोळ्यासमोर आणा. प्रत्येकजण प्रत्येकाला घासतोय, पण पडायला कुणालाच जागा नाही. अगदी तसं. काच नाजूक म्हणून मध्ये गादीसारखं काहीतरी लागतं. जाणकार प्लास्टिकचे बारीक मणी घालतात. मी म्हटलं, प्लास्टिक कशाला? घरात एवढे चिंचोके पडलेत.

चिंचोका दिसायला गुळगुळीत, घट्ट, लहानपणी सारीपाटात चालणारा सज्जन पदार्थ. पण घोंगडी विणणारे त्याचीच खळ करतात हे मला माहीत होतं आणि नेमकं त्या दिवशी आठवलं नाही. चार दिवस पाण्यात भिजून, काचेवर घासून, साल निघून तो आतल्या आत फुगला. पाचव्या दिवशी यंत्राचा आवाज बदलला. घर्रर्रचं घळप झालं. झाकण सैल करताच ते ‘फट्’ करून छताला लागलं, आणि आतून आंबूस वासाचा करडा रबडीसारखा गोळा बाहेर आला. त्यात कुठेतरी माझ्या काचा होत्या. मी तो गोळा मोरीत ओतला आणि वर दोन बादल्या पाणी.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. नुसती काचेची आणि पावडरीची मळीसुद्धा मोरीत ओतायची नसते. ती तळाशी बसते आणि नळीत घट्ट होते. माझ्या मळीत तर खळही होती. प्लंबरने दोन तास मेहनत करून नळीतून हातभर लांबीचा एक करडा दंडगोल बाहेर काढला, तो फरशीवर आपटून बघितला, आणि जो आदर मला ऑफिसात तीस वर्षांत मिळाला नाही त्या आदराने विचारलं, “काका, माल कुठला वापरला?”

तेव्हापासून मी मळी बादलीत ओततो, दोन दिवस निवळू देतो आणि खालचा गाळ वाळवून कचऱ्यात टाकतो.

पावडरींचं थोडं सांगतो, कारण विषय माझ्या डब्यांचा आहे. सिलिकॉन कार्बाइड हा पदार्थ एडवर्ड अचेसन नावाच्या अमेरिकन माणसाला १८९१ साली सापडला. त्याला कृत्रिम हिरा करायचा होता. करायला गेला गणपती, झाला मारुती. पण मारुतीही काही लेचापेचा नव्हता. कठीणपणाच्या मापात हिरा दहावर, हा नवाच्या वर, आणि काच जेमतेम साडेपाच. कार्बोरंडम हे त्याने दिलेलं नाव आपल्याकडच्या कारागिरांच्या तोंडी अजून आहे. आकड्यांची गंमत अशी, की आकडा जितका मोठा तितकी पावडर बारीक. १२० म्हणजे खरखरीत, ५०० म्हणजे अंगाऱ्यासारखी मऊ. दगड घोटणारे याहून जाड पावडरीने सुरुवात करतात. काचेला ती सोसत नाही, अंगभर खड्डे पडतात. आणि शेवटची ती नाचणीच्या रंगाची सिरियम ऑक्साइड. काचवाले तिने काचेवरचे ओरखडे काढतात आणि दुर्बिणीची भिंगं घोटणारेही तीच वापरतात. ती नुसती घासत नाही. पाण्याच्या संगतीत काचेच्या वरच्या कातडीशी रासायनिक सूत जमवते आणि मग ती कातडी अलगद सोलून नेते. सरकारी खात्यात जाड पावडरीची माणसं पुष्कळ भेटली. सिरियम ऑक्साइड एकच भेटला, तो साहेब झाला.

या तिन्हींत कडक सोवळं पाळावं लागतं. १२० चा एक कण जरी शेवटच्या टप्प्यात पिंपात राहिला, तरी सात दिवस तो एकटा प्रत्येक तुकड्यावर ओरखडे काढत हिंडतो. म्हणून पावडर बदलताना प्रत्येक तुकडा घासायचा, पिंप घासायचं, झाकणाची खाच दात घासायच्या ब्रशने कोरायची. ब्रशही तीन. एकाने दुसऱ्याला शिवायचं नाही. माझी आजी बाहेरून आल्यावर आमच्या चपलाच काय, सावल्यासुद्धा धुवायला लावायची. तेव्हा मी तिच्याशी फार वाद घातला होता. आता बाथरूमच्या दाराशी उभा राहून बायकोला, “तिथूनच बोल, आत येऊ नकोस, मी पाचशेत आहे,” असं सांगताना मला स्वतःच्याच तोंडून आजी ऐकू येते.

खरी धावपळ मात्र कच्च्या मालासाठी. रद्दीवाल्याला लोक बाटल्या विकतात. मी त्याच्याकडून विकत घेतो. पहिल्यांदा त्याला समजेना काटा कुणी धरायचा. तपकिरी काच मुबलक, कारण ती बिअरची. माझ्यासारख्या ताकापलीकडे न गेलेल्या माणसाने दर रविवारी पिशवी खळखळवत जिना चढणं, त्यानंतर तासाभराने बंद दाराआड काच फुटल्याचे आवाज येणं, यावरून सोसायटीने जो काही निष्कर्ष काढायचा तो काढला आहे. मी गोणपाटात बाटली गुंडाळून, डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड मोजे घालून हातोडी मारत असतो. शेजारच्या वहिनींनी मात्र बायकोला एकदा हळूच विचारलं, “काही लागलं तर हक्काने सांगा हं.”

हिरवट काच म्हणजे लोखंडाचा अंश. गोटी सोड्याची बाटली तशी असते. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेली ती रचना, तळ चांगला जाड. गोटी तेवढी मी बाजूला काढतो. ती आधीच गोल, तिला यंत्रात घालणं म्हणजे तिचा अपमान. निळी काच कोबाल्टची, आणि ती दुर्मीळ. आमच्या लहानपणी मिल्क ऑफ मॅग्नेशिया निळ्या बाटलीत यायचं. त्यामुळे जुन्या वाड्यांतून निळी काच शोधायची, तर म्हाताऱ्या माणसांपाशी बसून गोड बोलत बोलत त्यांच्या घराण्यातल्या बद्धकोष्ठाच्या इतिहासात शिरावं लागतं. एका आजींनी बाटली दिली, पण आधी तीन पिढ्यांचं पोट ऐकवलं.

कंदिलाची गोष्ट सांगायला जीव होत नाही. आमच्या गावच्या घराच्या माळ्यावर आजोबांचा प्रभाकर कंदील होता. कऱ्हाडजवळ ओगल्यांनी १९१६ साली काढलेल्या कारखान्यातला. त्याच्या आधी, १९०८ साली, अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसाफंडाने लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून तळेगावला काचकारखाना उभारला होता. अशा घामाच्या काचेचं आपल्याकडे भान असावं म्हणून मी तो कंदील जपून उतरवत होतो, आणि त्याची चिमणी माझ्या हातून वाढली. आमच्यात काच फुटली म्हणत नाहीत. बांगडी वाढते, नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, चिमणीही वाढली. मी म्हटलं, हरकत नाही, तिचे तुकडे घोटून आजोबांची आठवण म्हणून ठेवू. आठव्या दिवशी पिंप उघडलं तर आत फक्त पाणी. करडं, दाट पाणी. चिमणीची काच पापडासारखी पातळ, ती घोटली जात नाही, विरते. स्वदेशीचा एक अध्याय माझ्या बाथरूममध्ये असा विसर्जित झाला. मी ते पाणी मोरीत नाही ओतलं. तुळशीत ओतलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं खरं तर समुद्राचं काम. इंग्लंडच्या किनाऱ्यावर डरहॅम परगण्यात सीहॅम नावाचं गाव आहे. तिथे १८५३ ते १९२१ बाटल्यांचा कारखाना होता आणि उरलीसुरली काच सरळ समुद्रात टाकत. समुद्राने ती घोटली आणि आता लोक कंबर वाकवून ती वेचत फिरतात. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगने १९०६ पासून १९६७ पर्यंत गावचा कचरा किनाऱ्यावर लोटला. त्यातल्या काचा घोटून घोटून अशा झाल्या, की ती पुळण बघायला आता पर्यटक येतात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, तिथे थोडी जास्त लागली. पण गंमत पुढेच आहे. आज तिथून काच उचलायला बंदी आहे. साठ वर्षं टाकायला मोकळीक होती, उचलायला नाही. हा नियम मला इतका ओळखीचा वाटला, की करणारा आपल्याकडचाच कोणी तिकडे स्थायिक झाला असावा.

माणसांनीही हे मोटरीशिवाय केलं आहे. खंबायतचे अकीक घोटणारे कारागीर दगडाचे मणी आणि घासायची भुकटी चामड्याच्या थैलीत घालत, थैली पाण्याने ओली ठेवत, आणि समोरासमोर बसलेली माणसं ती पंधरा-पंधरा दिवस एकमेकांकडे लोटत. पंधरा दिवस! मी बटण दाबून थकतो. त्याच धंद्यात कोरडी घासाई करणाऱ्यांच्या छातीत बसलेली धूळ मात्र विनोदी लेखात मावणारी नाही. म्हणून मी कोरडं काही घासत नाही आणि डबे उघडताना तोंडाला मास्क लावतो. बायकोला वाटतं, नाटक.

आता या छंदातली सगळ्यात मोठी फसवणूक. पिंप केव्हाही उघडा, आतली काच झालेलीच दिसते. ओली आहे ना, झगमगते. तुम्ही आनंदाने बायकोला हाक मारता. ती हात पुसत येते. तोवर तुकडा तुमच्या तळहातावर वाळतो आणि डोळ्यांदेखत पांढुरका, आंधळा होतो. काचेच्या अंगावर बारीक खड्डे असतात, ते प्रकाश विस्कटून टाकतात. पाणी ते खड्डे भरून काढतं म्हणून ओली असेपर्यंत काच नितळ. ‘छान आहे’ म्हणायला आलेली बायको ‘बरं आहे’ म्हणून परत जाते. हे माझ्या बाबतीत एकवीस वेळा झालं. आता ती हाक मारल्यावर आधी विचारते, “वाळलंय का?”

मागल्या पौषात बिनरंगी काचेचा एक घाणा असाच अर्धवट राहिला. गुरुवारी दिवसभर वीज नव्हती, पिंप थांबलं, गाळ बसला आणि शेवटची झिलई चढलीच नाही. पांढुरके, जरा ओबडधोबड, सुपारीएवढे तुकडे. मला ते तसेही बरे दिसले म्हणून चांदीच्या वाटीत घालून दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवले. संक्रांतीचे दिवस. शेजारच्या वाटीत हलवा होता, तिसऱ्या वाटीत तिळाच्या वड्या. मधल्या वाटीवर पाटी लावायची माझ्या डोक्यात आली नाही. आयुष्यात एकदाच.

बायकोचे मामा आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. वय ८४, डोळ्यांना कमी दिसतं, बाकी ठणठणीत. ते मॅच बघत बसले. मी आतून तिळगूळ घेऊन आलो तेव्हा त्यांच्या एका गालात काहीतरी होतं आणि ते शांतपणे ते चघळत होते. बराच वेळ चघळत असावेत.

“तिळगूळ घ्या, तात्या. गोड गोड बोला.”

“घेतो. ही खडीसाखर कुठून आणलीत?”

मी वाटीकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे.

“का हो तात्या?”

“नाही, चांगली आहे. विरघळत नाही पटकन. आमच्याकडची तोंडात टाकली की गेली.” त्यांनी ती दुसऱ्या गालात घेतली. “पण गोडी कमी आहे. मधुमेहवाल्यांची आहे का?”

बायकोने त्यांच्या हनुवटीखाली बशी धरली. तात्यांनी मुकाट्याने तुकडा बशीत सोडला, चष्मा वर केला आणि बशी ट्यूबलाइटकडे धरली. तुकडा आरपार नितळ होता. कडेवर ट्यूबलाइटची बारीक पांढरी रेघ उमटली होती. चार आठवड्यांत माझ्या एकाही तुकड्यावर अशी रेघ आली नव्हती.

“अरे,” तात्या म्हणाले, “ही तर काच आहे. आणि काय सुरेख घोटली आहे!”

मी काही बोललो नाही. बायको म्हणाली, “थांबा तात्या, अजून ओली आहे.”

आणि आम्ही तिघं बशीभोवती बसून ती वाळायची वाट बघू लागलो.